परळची भूमी कोणाची?

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. करी रोडवरील आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारा एक तरुण सायंकाळी आमच्याकडे आला. हातात नगर भूमापन कचेरीतून आणलेली मिळकत पत्रिकेची नक्कल होती. चाळीच्या पुनर्बांधणीची बोलणी सुरू झाल्यापासून घरोघरी असे कागद गोळा होऊ लागले आहेत. त्याने एका रकान्यावर बोट ठेवून विचारले, "गुरुजी, मालकाचे नाव तर खाली वेगळेच आहे. मग हा वरचा 'फोरास' कोण? सहमालक की सावकार?"

आम्हांस प्रथम हसू आले. परंतु त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्या मुलाचे पणजोबा याच खोलीत राहावयास आले, आजोबा येथेच वारले, आणि तरीही पायाखालच्या जमिनीचा धडा त्यास कोणत्याच इयत्तेत मिळाला नव्हता. शिकविणारे आम्हीच होतो! पानिपत शिकविले, प्लासी शिकविली. परळ मात्र शिकविले नाही. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

फोरास हा मनुष्य नव्हे. जमिनीचा उपभोग घेणाऱ्याने धन्यास द्यावयाच्या खंडाला पोर्तुगीज भाषेत 'फोरो' म्हणतात. त्याचेच हे बहुवचन. पोर्तुगिजांनी मुंबई सोडली ती १६६५ साली. त्यानंतर राजे बदलले, कंपनी आली आणि गेली, स्वराज्य झाले; पण त्यांच्या खंडाचे नाव आमच्या चाळीच्या कागदावर अजून नांदते आहे. ते तेथवर कसे आले, हे सांगावयाचे तर परळच्या भूमीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, ते मुळापासून पाहिले पाहिजे.

शापासह दिलेले दान

परळ हे नाव पाडळीच्या वृक्षावरून पडले असे कोणी म्हणतात, कोणी परळी वैजनाथाशी त्याचा संबंध जोडतात. नावाचे काहीही असो, वस्ती जुनी यात शंका नाही. १९३१ साली येथे रस्त्याचे काम चालू असता एकाच शिळेत कोरलेली शिवाची विलक्षण मूर्ती सापडली. एका शिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा आणि दोन्ही बाजूंस आणखी, अशा सात आकृती तीत आहेत. पंडित तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा मानतात. ती आजही परळच्या बारादेवीच्या देवळात आहे.

आमच्या विषयास अधिक जवळचा आहे तो परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याच्या काळचा शिलालेख. तो ११८७ च्या सुमाराचा असून, एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी काही द्रम्म तोडून दिल्याचे त्यात नोंदले आहे. लेखाची भाषा संस्कृत. परंतु हे शासन जो मोडील त्यास द्यावयाचा शाप मात्र लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या मराठीत कोरला आहे, आणि तो असा उघडावाघडा आहे की आम्ही तो येथे सांगू शकत नाही. दान देवास कळले म्हणजे पुरे, शाप मात्र गावास कळला पाहिजे, हे राजाचे अधिकारी पक्के जाणून होते.

आपल्या प्राचीन दानपत्रांच्या शेवटी काही ठरावीक वचने येतात. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो, ती हिरावून घेणारा कृमिकीटकाच्या जन्मास जातो, इत्यादी. त्यांतील एका वचनाचा आशय फार मोलाचा आहे. देणे आणि दिलेले पाळणे यांत पाळणे अधिक श्रेयस्कर, असे ते सांगते. कारण देणारा एकदाच देतो. पाळावे लागते ते मागाहून येणाऱ्या प्रत्येकास, आणि त्याने ते दान स्वतः दिलेले नसते. वाचकांनी हे वचन ध्यानात ठेवावे. परळचा पुढील सारा इतिहास म्हणजे या एका कसोटीवर लागलेल्या राजांची रांग होय.

फिरंगी खंड आणि इंग्रजी आंदण

गुजरातच्या बहादुरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांस तोडून दिला, त्यात मुंबईची बेटे गेली. नव्या धन्याने ती आपल्या सेवकांस वाटली. १५४५ ते १५४८ च्या दरम्यान परळ, वडाळा, शीव आणि वरळी ही चार गावे मानुएल सेराव नामक गृहस्थास वार्षिक ४१२ पार्दाव खंडाने मिळाली. दक्षिणेकडील मुंबईचे मुख्य बेट पुढे गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे आले. हिंदुस्थानातील वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, तो आजही विद्वान चाळतात. माझगावची जहागीर १५७२ साली सूझा ई लिमा घराण्यास वंशपरंपरेने मिळाली. इकडे परळकडील बऱ्याच जमिनी कालांतराने जेझुइट पाद्र्यांच्या हाती गेल्या, आणि परळास त्यांचे देऊळ व मठ उभा राहिला.

या साऱ्या सनदांत धन्याचे नाव येते, खंडाची रक्कम येते. भाताची खाचरे कसणारे कुणबी, ताडी काढणारे भंडारी, जाळी टाकणारे कोळी आणि मीठ पिकविणारे आगरी यांची नावे येत नाहीत. ते जमिनीबरोबर गेले, जसे झाडे आणि विहिरी जातात तसे.

१६६१ च्या विवाहाच्या तहात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण दिली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की आंदणाचा ताबा मिळावयास चार वर्षे लागली. पोर्तुगीज व्हाइसरॉय हे बेट सोडावयास नाखूष होता. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये, तेथील जहागीरदारीण दोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या वाड्यात, इंग्रजांचा हंफ्री कुक याने ताबा घेतला. रहिवाशांच्या मिळकती त्यांच्याकडे राहाव्यात, अशा अटी त्याने तत्पूर्वी मान्य केल्या होत्या. इंग्लंडच्या राजाने त्या अटी नाकारल्या, आणि तेथून तंटा लागला. राज्य गेले, पण जमीन गेली काय? सार्वभौमत्व दिले म्हणजे प्रत्येकाची वाडी, विहीर आणि खाचरही दिले, असा अर्थ होतो काय? प्रत्येक सत्तांतरात हा प्रश्न उठतो.

राजाला बेटापासून उत्पन्नापेक्षा खर्चच अधिक होऊ लागला, तेव्हा मार्च १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड सोने एवढ्या खंडाने देऊन टाकले. कंपनीच्या गव्हर्नरांपैकी जेराल्ड ऑंजिए याने हा तंटा मिटविण्याचा मार्ग काढला. रहिवाशांच्या प्रतिनिधींस एकत्र बोलावून १६७२ साली करार केला, आणि १६७४ साली तो कायम झाला. लोकांनी मिळून कंपनीस दरसाल २०,००० झेराफिन द्यावेत, आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरील आपला वाद सोडावा, असे त्याचे सार होते. या वर्षासनास 'पेन्शन' म्हणू लागले. मुंबईच्या जुन्या मिळकतींवर 'पेन्शन अँड टॅक्स' हा धारणाप्रकार दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. निवृत्तिवेतनाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे आमच्यासारख्या निवृत्तांनी विशेष लक्षात ठेवावे!

आमच्या मते मुंबईच्या इतिहासातील हा करार एखाद्या लढाईहून मोठा आहे. एकेकट्याने सनद काढून दाखविली असती, तर एकेकट्याची सनद खोटी ठरविता आली असती. सर्वांनी मिळून एक रक्कम कबूल केली, म्हणून सर्वांच्या जमिनी राहिल्या.

परळच्या पाद्र्यांचे मात्र वेगळे झाले. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा जेझुइटांनी त्यास साहाय्य केल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळचे देऊळ आणि मठ अठराव्या शतकाच्या आरंभी सरकारकडे आले. पुढे तेथे गव्हर्नरांचा वाडा झाला, प्रार्थनामंदिराचे मेजवानीचे दालन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्या, तेव्हापासून गव्हर्नरांचे मन तेथून उडाले. १८९९ साली त्याच वास्तूत डॉक्टर हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली, आणि १९२५ साली संस्थेस त्यांचे नाव मिळाले. जेथे जप चालला तेथे मेजवान्या झडल्या, आणि जेथे मेजवान्या झडल्या तेथे रोगाची लस निघाली. आमच्या दृष्टीने परळच्या साऱ्या धन्यांत या शेवटच्या धन्यानेच भूमीचे ऋण व्याजासह फेडले.

समुद्राकडून घेतलेली जमीन

आता 'फोरास'कडे वळू. मुंबईची बेटे एकमेकांपासून खाजणांनी तुटलेली होती. भरतीचे पाणी परळ आणि वरळी यांच्यामधील सखल भागात पसरत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला, आणि आत येणाऱ्या समुद्राचे तोंड बंद झाले. ही खारी दलदल भातास योग्य करावयाची तर बांधबंदिस्ती हवी, माती हवी, आणि पीक हाती येईपर्यंत वर्षानुवर्षे कष्ट हवेत. कंपनीने अशा जमिनी हलक्या खंडाने लोकांस दिल्या. त्या खंडास जुन्या सवयीने 'फोरास' म्हणत, आणि खाजणावर काढलेल्या रस्त्यांनाही फोरास रस्ते म्हणू लागले. आजच्या करी रोड आणि लोअर परळकडचा भाग याच सखल पट्ट्यात किंवा त्याच्या कडेस येतो.

दोन पिढ्यांत दलदलीची शेती झाली, शेतीलगत शहर आले, आणि शहराबरोबर भाव आले. तेव्हा कंपनीस आठवण झाली, की ही जमीन आपण केवळ मर्जीने दिली होती. मर्जीने परत घेता येईल. धारण करणारे म्हणू लागले, दलदल तुमची होती, जमीन आमची आहे. अखेरीस १८५१ चा सहावा कायदा, म्हणजेच फोरास जमिनींचा कायदा झाला. त्याने चालू खंड तेवढा कायम ठेवून, त्या जमिनींवरील कंपनीचा बाकीचा हक्क थेट खंड भरणाऱ्यांच्या लाभात संपविला. त्या तरुणाच्या कागदावरील एका शब्दात एवढा इतिहास आहे.

योगायोग असा, की त्याच १८५१ साली पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या टोकास हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविला जात होता. कॅलिफोर्निया हा प्रांत मेक्सिकोकडून १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे गेला. मेक्सिकन अमदानीत तेथे समुद्रकाठची विस्तीर्ण कुरणे घराण्यांस बहाल झाली होती. त्यांस रँचो म्हणत. तहात मिळकती सुरक्षित राहतील असे अभिवचन होते. पण १८५१ च्या कायद्याने प्रत्येक धारकास आपला हक्क आयोगापुढे सिद्ध करावा लागला, आणि दोन वर्षांत दावा न केल्यास जमीन सरकारजमा, असे ठरले. सनदांवर हद्दी लिहिल्या होत्या त्या अमुक टेकडी, तमुक ओढा अशा. आठशेहून अधिक दावे आले, आणि एकेकाचा निकाल लागावयास सरासरी सतरा वर्षे गेली. पुष्कळांचे दावे खरे ठरले. परंतु तोवर वकिलांची देणी, सावकाराचे व्याज आणि दुष्काळ यांनी जमीन केव्हाच गिळली होती. पिएद्रा ब्लांका नावाचा समुद्रकाठचा रँचो १८४० साली पिको नामक गृहस्थास मिळाला होता. सुमारे अठ्ठेचाळीस हजार एकरांचा. त्याचा मोठा भाग १८६५ साली जॉर्ज हर्स्ट या खाणमालकाने विकत घेतला, आणि त्याच्या वृत्तपत्रसम्राट पुत्राने पुढे तेथे प्रचंड प्रासाद बांधला. हक्क सिद्ध झाला, भोगणारा मात्र दुसराच निघाला!

इंग्रज मोठे धर्मात्मे होते आणि अमेरिकन नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. इंग्रजांनी देशात इतरत्र काय केले ते इनाम कमिशनच्या इतिहासावरून कळते. भेद एवढाच, की एका ठिकाणी पुराव्याचे ओझे धारकाच्या शिरावर टाकले, आणि दुसऱ्या ठिकाणी चालत आलेला कब्जा मानला. पहिल्यात कागद जिंकला, दुसऱ्यात वहिवाट.

गिरण्या आणि चाळी

परळकडे काही जमिनी इनामही झाल्या. सुरतेहून १७३६ साली आलेले जहाजबांधणीचे उस्ताद लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यास कंपनीने सेवेबद्दल परळकडील जमीन दिली, आणि तेथे त्यांची 'लवजी कॅसल' ही हवेली उभी राहिली. ज्या भागात गव्हर्नर आणि शेठसावकार हवा खाण्यास येत, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांच्या चिमण्या उठल्या. बागांच्या जागी साचे आले, भाताच्या खाचरांवर चाळी आल्या. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून आलेली माणसे दहा बाय बाराच्या खोल्यांत राहिली. ज्यांच्या श्रमावर गिरण्या चालल्या, त्यांचे नाव पुन्हा एकदा कोणत्याही सनदेत आले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून निमाल्या. तेव्हा जमिनीचा प्रश्न पुन्हा उठला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीची साधारणपणे तीन वाटण्यांत विभागणी सांगितली होती: एक नगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक लोकांच्या घरांसाठी, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालील जमीन त्यातून सुटली. तंटा न्यायालयात गेला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. आज करी रोड स्थानकाच्या पुलावरून दिसणारे काचेचे मनोरे त्या निकालाची फळे होत. नियम करणे आणि केलेला नियम पाळणे यांत मोठे कोणते, हे वाचकांस पुन्हा सांगावयास नको.

चाळकऱ्यांस मात्र एक कवच मिळाले होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्याने भाडेकरूचा ताबा राखला. भाडेकरू वारला असता, त्याच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणारे त्याचे कुटुंबीय त्याची जागा घेऊ शकतात. म्हणजे वहिवाटीस पुन्हा एकदा मान मिळाला.

पावती कोणाच्या नावे?

हे सर्व त्या तरुणास सांगून झाल्यावर आम्ही विचारले, "तुमची भाड्याची पावती कोणाच्या नावाने आहे?"

"आजोबांच्या. ते जाऊन वीस वर्षे झाली. आता मालकाचा माणूस म्हणतो, एकच नाव द्या. बाबा म्हणतात माझे, थोरले काका म्हणतात माझे."

"आणि धाकटे काका?"

"ते करोनात गेले, गुरुजी. काकू आणि चिमी आमच्यातच आहेत."

"मग काकूंचे नाव कोण सांगतो?"

तो गप्प झाला. या काकूंनी त्याच्या आजीचे अंथरुणातील अखेरचे दिवस काढले, हे आम्ही शेजारी या नात्याने पाहिले आहे. त्यांचे नाव मात्र घरातील कोणाच्याच तोंडी आले नव्हते. जसे कुण्या फिरंग्याच्या सनदेत परळच्या कुणब्याचे आले नाही, तसेच. मात्र फिरंगी परका होता. येथे तर सर्वांचे ताट एका पंक्तीस वाढले जाते.

आम्ही त्यास सांगितले: "तुझ्या बाबांस आणि काकांस बसवून घे. पावतीवर नाव एकाचेच पडावयाचे असेल तर पडो. पण त्याआधी एक कागद करा. त्यात तिन्ही शाखांचा हक्क लिहा, काकूंचा आणि चिमीचा स्पष्ट लिहा, जाणत्या वकिलास दाखवा, आणि सर्वांनी सह्या करा. एकत्र कुटुंबात तोंडी शब्द पुरतो, हे खरे. परंतु शब्द देणारा असतो तोवरच तो पुरतो. पुढच्या पिढीस पाळावयाचे ते लिहिलेले असावे."

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी पावती, गावाकडील एखादा सातबारा, एखादे इनामपत्र कपाटाच्या तळाशी असेल. तिच्यावर दिवंगताचे नाव असेल, आणि घरात एखादी विधवा काकू किंवा परत आलेली आत्या असेल, जिच्याविषयी सर्वजण "ती काय, आपलीच आहे" असे म्हणून मोकळे होतात. त्यांनी येत्या सुटीत तो कागद काढावा, आणि त्यात कोणाचे नाव नाही ते प्रथम पाहावे.

आठ दिवसांनी तो तरुण पुन्हा आला. कागद झाला होता. त्याच्या बाबांची सही होती. काकूंनी वळणदार अक्षरात आपले पूर्ण नाव लिहिले होते. थोरल्या काकांची जागा कोरी होती. "विचार करतो म्हणाले," तो हळूच बोलला. आम्ही म्हणालो, "करू देत. त्यांना सांग, गुरुजींनी संध्याकाळी चहास बोलावले आहे." चहाचे आधण ठेवून आम्ही त्यांची वाट पाहत आहोत.